मागाच्या खडखडाटात झोपतो, मग मिक्सरला का रडतो? घरच्यांना कसं सांगायचं

तुमचा प्रश्न वाचला. वडगावातलं घर, खाली सासऱ्यांचे यंत्रमाग, वर तुम्ही सगळे, मुलगा पाच वर्षांचा, यूकेजीत. मिक्सर लावला की कान दाबून पळतो, शर्टाच्या मानेचं लेबल कापल्याशिवाय अंगात घालत नाही, आमटीभात कालवला की ताट सारतो, केस कापायला नेलं की दुकान डोक्यावर घेतो. आणि तोच मुलगा दिवसभर सोफ्यावरून उड्या मारतो, भिंतीला जाऊन धडकतो, स्वतः घरभर किंचाळतो. थेरपिस्टनी सेन्सरी प्रोसेसिंगचा त्रास आहे म्हणून सांगितलंय, म्हंजे आवाज, स्पर्श, चव असलं जे जाणवतं ते मेंदूला नीट हाताळता येत नाही. सासरे म्हणतात मागाच्या आवाजात खुशाल झोपतंय की, मिक्सरला रडणं म्हंजे नाटक. सासूबाई म्हणतात लाड, नणंद म्हणते मोबाईल, मैत्रीण म्हणते सगळीच मुलं अशी असतात, बेंगळूरच्या दिरांनी तर असा आजारच नाही म्हणून लिंक पाठवलीय. नवरा गप्प. महिन्यावर गणपती आलेत आणि घर भरणार आहे.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हंजे खाणं, कपडे, खेळ, शाळा असली रोजची कामं मुलांना जमावीत म्हणून मदत करते, बेळगावातच, बरीच वर्षं झाली. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, पलीकडून चंदगडहून पण मुलं येतात, आणि तुमच्यासारखा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आई कधी ना कधी विचारतेच, बहुतेक वेळा दारातून बाहेर जाता जाता, हळू आवाजात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही विचारलंय की यांना हा त्रास समजावून कसा सांगू. पण मला वाटतं तुमची खरी अडचण वेगळी आहे. त्रासाचं नाव तुम्ही सांगून झालंय, माहिती सांगून झालीय, व्हिडिओ पाठवून झालेत. तरी पटत नाही, कारण सासऱ्यांनी जे बोलून दाखवलं तेच सगळ्यांच्या मनात आहे: याच्या वागण्यात मेळ दिसत नाही. दर वेळी, दर आवाजाला सारखाच रडला असता तर कुणी शंका घेतली नसती. पण हा एकदा रडतो एकदा नाही, इथं रडतो तिथं नाही, आईजवळ जास्त रडतो आणि शाळेत गप्प बसतो. बघणाऱ्याला वाटणारच की हे पोरगं ठरवून करतंय. त्यामुळं तुम्ही आधी हा मेळ कुठं आहे ते दाखवा, नावाचं नंतर बघू. सेन्सरी हा शब्द त्या घरात पुढचे दोन महिने नाही उच्चारला तरी चालेल.

सासऱ्यांपासून सुरू करू, कारण त्यांचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे. मागाचा आवाज मोठा आहे पण तो एकसारखा आहे, ठेक्यात आहे, न थांबता चालतो. बाळाला पोटात सहाव्या महिन्यापासून बाहेरचे आवाज ऐकू यायला लागतात, म्हणजे तुमचा मुलगा जन्मायच्या आधीपासून ते माग ऐकतोय. एकच आवाज परत परत आला की आपला मेंदू तो बाजूला टाकतो, त्याची दखल घेणं सोडतो. दखल घेतो ती बदलाची. सासऱ्यांनाच विचारा, एवढ्या खडखडाटात सूत तुटलं नाहीतर धोटा अडकला की तुम्हाला लगेच कसं कळतं, तुम्ही तर तिकडं बघत पण नसता. त्यांना कळतं कारण आवाज बदलतो. मिक्सर हा तसा बदल आहे. अचानक सुरू होतो, चढत जातो, किती वेळ चालणार ते सांगत नाही, आणि जवळ उभं राहिलं तर 80-90 डेसिबलपर्यंत जातो, आपलं साधं बोलणं 60 च्या आसपास असतं. तुम्हाआम्हाला पण तो बदल जाणवतो, पण मेंदू क्षणात ठरवतो की हा मिक्सर आहे, चटणी चाललीय, सोडून दे. या मुलाचा मेंदू ते सोडून देत नाही. त्याच्या शरीरात त्या क्षणी घाबरल्यावर जे होतं ते सगळं होतं, छाती धडधडते, अंग ताठ होतं, पळावंसं वाटतं. ते नाटक करून आणता येत नाही.

आता दुसरा आक्षेप, जो अजून कुणी घेतला नसेल तर घेतीलच: स्वतः एवढा किंचाळतो तेव्हा कान दुखत नाहीत का? याला माझ्याकडं एक सोपं उत्तर आहे आणि ते मी घरच्यांना करून बघायला लावते. स्वतःच स्वतःला गुदगुल्या करून बघा. होत नाहीत. दुसऱ्यानं केल्या की होतात. कारण आपण स्वतः जे करतो त्याचा अंदाज मेंदूला आधीच असतो आणि तो त्याची धार कमी करून टाकतो. आवाजाचं पण तसंच आहे, स्वतःचा आवाज, स्वतः आपटलेला डबा, स्वतः दाबलेलं बटण याचा त्रास कमी होतो. आज्जीसमोर एकदा असं करा, मुलाला मिक्सरजवळ आणू नका, लांबूनच सांगा की मी एक दोन तीन म्हणणार आणि तीनला मिक्सर लावणार, दहा म्हणेपर्यंत बंद करणार. जमत असेल तर बटण त्यालाच दाबू द्या. बऱ्याच मुलांना तेवढ्यानं फरक पडतो, सगळ्यांना नाही, पण ज्याला पडतो त्याच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना माझ्या तासभराच्या बोलण्यापेक्षा ते एक बघणं पुरतं.

तिसरी गोष्ट, काल चाललं आणि आज का नाही. उसाच्या हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या तुम्ही बघताच, मोळ्यांवर मोळ्या रचलेल्या. ती कलंडते तेव्हा शेवटच्या मोळीनं कलंडत नाही, आधीच्या सगळ्या ओझ्यानं कलंडते. तुमच्या मुलाचं संध्याकाळी तसंच होतं. सकाळी युनिफॉर्म टोचला, रिक्षात मुलं अंगावर पडली, शाळेत घंटा आणि गोंगाट, डबा अर्धवट खाल्ला, दुपारी झोप नाही, आणि सहा वाजता आत्यानं प्रेमानं गाल ओढला की तो फुटतो. बघणाऱ्याला फक्त गाल दिसतो. गाल ओढला म्हणून कुणी एवढं रडतं का, असं मग सगळे म्हणतात. आणि आईजवळ जास्त का रडतो, तर दिवसभर दाबून धरलेलं माणूस आपल्या माणसाजवळच सोडतं, मोठी माणसं पण तेच करतात. हे नणंदेला जरूर सांगा, कारण 'तुझ्याकडंच का करतो' हा टोमणा आईला फार लागतो, आणि तो चुकीचा आहे.

उड्या आणि धडकणं हे वरच्या सगळ्याच्या उलटं दिसतं, म्हणून लोकांना वाटतं स्पर्शाचा त्रास असलेलं मूल असं अंग आपटेल कशाला. इथं दोन वेगळे स्पर्श आहेत. हलका, अचानक, वरवरचा स्पर्श, म्हंजे लेबल, केसाचे तुकडे, गालावरचा हात, यात्रेत अंगावर पडलेला भंडारा, हा बऱ्याच मुलांना सहन होत नाही. जोराचा, दाबाचा स्पर्श, ज्यानं स्नायू आणि सांध्यांवर जोर पडतो, तो त्याच मुलांना शांत करतो. भिंतीला धडकून तो स्वतःला शांत करायचा प्रयत्न करत असतो, म्हणजे औषध स्वतःच शोधलंय फक्त जागा चुकलीय. मग त्याला ती गोष्ट चांगल्या मार्गानं मिळाली पाहिजे आणि इथं मला आपल्या घरांचा फार फायदा वाटतो. पाण्याची छोटी कळशी उचलून आणणं, कणीक मळणं, खलबत्त्यात शेंगदाणे कुटणं, पंचमीचा झोका, सुताच्या पेट्या ढकलणं (माग बंद असताना, आणि मोठं माणूस जवळ असताना), ही सगळी जोराची कामं आहेत. शहरातल्या फ्लॅटमधल्या आयांना मला यासाठी वेगळी खेळणी सांगावी लागतात.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते पण स्पष्ट सांगते. मी तुमच्या मुलाला बघितलेलं नाही. त्याचं प्रत्येक रडणं सेन्सरीचं असेलच असं नाही, पाच वर्षांचं मूल हट्ट पण करतं आणि चॉकलेटसाठी रडतं पण. साधारण ओळख अशी की हट्ट असेल तर हवी ती वस्तू मिळाली की थांबतो, मधेच कोण बघतंय का ते बघतो. त्रास असेल तर वस्तू दिली तरी थांबत नाही, बऱ्याचदा कारण गेल्यावरही वेळ लागतो आणि नंतर थकून जातो. पण कधीकधी हट्टातून सुरू होऊन त्रासात जातं, तेव्हा मला पण लगेच सांगता येत नाही. त्यामुळं सासूबाई लाड म्हणतात तेव्हा शंभर टक्के चूक म्हणू नका. त्यांचं एक बरोबर आहे, मारणं, थुंकणं, ताट फेकणं याला या मुलाला पण नाहीच म्हणायचं असतं. हे तुम्ही आपणहून त्यांच्यासमोर म्हणालात ना, तर पुढचं ऐकायची त्यांची तयारी होते. आई प्रत्येक गोष्टीला त्रास म्हणायला लागली की घरातले प्रत्येक गोष्टीला नाटक म्हणायला लागतात, हे मी फार घरांत बघितलंय.

दिरांच्या लिंकबद्दल. ते शिकलेले आहेत, त्यांना उडवून लावू नका, कारण ते अर्धे बरोबर आहेत. सेन्सरी त्रासाचा हा विचार मांडला जीन आयर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनी, 1960 च्या दशकापासून त्यांचं काम चाललं होतं, 1972 ला त्यांनी ते पुस्तकात सविस्तर मांडलं. पण 2013 ला जे डीएसएम-5 आलं, म्हंजे मनोविकारांचं अमेरिकन वर्गीकरण जे आपल्याकडचे डॉक्टर पण वापरतात, त्यात सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर असं वेगळं निदान नाही. त्याच्या आदल्या वर्षी, 2012 ला, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनी बालरोगतज्ज्ञांना सांगितलं की हे स्वतंत्र निदान म्हणून लावू नका, आधी ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा), भीतीचे आजार वगैरे आहेत का बघा. इथपर्यंत दिरांचं खरं. आता उरलेलं अर्धं. त्याच डीएसएम-5 मध्ये ऑटिझमच्या निकषांत आवाज, स्पर्श, वास यांना फार जास्त किंवा फार कमी प्रतिक्रिया देणं हा मुद्दा पहिल्यांदा घातला गेला. म्हणजे वाद आहे तो याला वेगळं नाव द्यायचं का यावर. मुलांना असा त्रास होतो यावर वाद नाही. दिरांना एवढंच लिहा: भावोजी, नावाबद्दल तुमचं बरोबर आहे, आम्ही नावासाठी भांडत नाही, पण लेबलनं त्याच्या मानेवर खाजवून रक्त येतंय त्याचं काय करायचं ते सांगा.

आणि थेरपीबद्दल पण सरळ बोलते, माझंच काम असलं तरी. छोट्या अभ्यासांत फायदा दिसलाय, पण ब्रिटनमध्ये ऑटिझम असलेल्या 138 मुलांवर एक मोठा अभ्यास झाला, 2022 ला त्याचा निकाल आला, त्यात सेन्सरी इंटिग्रेशन थेरपीचा, म्हंजे या त्रासासाठी झोके, उड्या, दाब असल्या खेळांतून देतात त्या थेरपीचा, नेहमीच्या मदतीपेक्षा एकूण जास्त फायदा दिसला नाही. तुमच्या मुलाला ऑटिझम आहे की नाही मला माहीत नाही, त्यामुळं तो निकाल त्याला जसाच्या तसा लागू होतो असं पण म्हणत नाही. पण यामुळं मी कुणालाच तीन महिन्यांत बरा करून देते म्हणत नाही, आणि असं कुणी म्हणत असेल, पॅकेज विकत असेल, तेल नाहीतर मशीन विकत असेल, तर पैसे देऊ नका. मी काय करते तर मुलाचा दिवस बघते, घर बघते, कुठं ओझं कमी करता येईल ते बघते, आणि त्याला हळूहळू थोडं थोडं सहन करायला, सांगायला, मागायला शिकवते. घरचा बदल यात सगळ्यात मोठा भाग आहे आणि म्हणूनच घरचे लोक महत्त्वाचे आहेत, नाहीतर मी म्हणाले असते सोडा त्यांना, काय म्हणायचं ते म्हणू दे.

आता एकेका माणसाशी काय करायचं. सगळ्यांना एकदम बसवून भाषण करू नका. प्रत्येकाला एक काम द्या, फक्त एक, आणि ते त्याला जमणारं.

पहिलं काम नवऱ्याचं. सासूसासऱ्यांना हे सुनेनं सांगणं आणि त्यांच्या मुलानं सांगणं यात जमीन अस्मानाचा फरक आहे, तुम्हाला माहीतच आहे. सुनेनं सांगितलं की ते सुनेचं खूळ ठरतं. नवरा गप्प असतो तेव्हा बहुतेक वेळा विरोधात नसतो, त्याला आईबापांसमोर काय बोलायचं ते सुचत नसतं. त्याला दोन वाक्यं पाठ करून द्या. 'आई, त्याला जाणूनबुजून करायचं नाहीये, आवाजाचा खरंच त्रास होतोय, डॉक्टरकडं मी स्वतः जाऊन आलोय.' आणि 'दोन महिने आम्ही म्हणतोय तसं करून बघू, नाही जमलं तर तुम्ही म्हणाल तसं.' दुसरं वाक्य महत्त्वाचं, मोठ्या माणसांना कायमचं बदलायला सांगितलं की ते अडून बसतात, करून बघू म्हटलं की थांबतात. आणि हो, पुढच्या वेळी थेरपीला नवऱ्याला घेऊन जा, मी स्वतः जाऊन आलोय हे त्याला खरं म्हणता आलं पाहिजे.

सासऱ्यांना वही द्या. तेच सगळ्यात जास्त शंका घेतात म्हणून तेच लिहू देत. मुलगा रडला की वेळ, त्याच्या आधी काय झालं, झोप झाली होती का, खाल्लं होतं का, घरात कोण आलं होतं. पंधरा दिवस. तुम्ही लिहिलं तर आईनं लिहिलंय म्हणतील, त्यांनी स्वतः लिहिलं की त्यांनाच दिसेल की शाळेच्या दिवशी संध्याकाळी जास्त होतंय, रविवारी कमी, पाहुणे आले की रात्री झोप नाही. मागावर आयुष्य काढलेल्या माणसाला कुठं काय बिघडतंय ते शोधायची सवय असते. समजा वहीत असं काहीच निघालं नाही, तर ती वही मला तरी द्या नाहीतर तुमच्या थेरपिस्टना द्या, मग आमचाच अंदाज परत तपासायला पाहिजे.

सासूबाईंना मालिश द्या. आपल्या आज्ज्यांचा हात तेल लावताना भारी असतो, चांगला दाब देऊन पायापासून वर चोळतात, आणि वर सांगितलेला जो दाबाचा स्पर्श तो हाच. त्यांना म्हणा, 'आत्ती, थेरपिस्ट म्हणाल्या याला जोरानं चोळून अंघोळ घातली तर शांत होतो, मला तुमच्यासारखं जमत नाही.' हे खोटं नाही, खरंच त्यांना जास्त जमतं. फक्त मुलानं नको म्हटलं तर थांबायचं, आणि डोक्यावरून एकदम पाणी ओतायचं नाही, आधी पायावर, मग अंगावर, मग सांगून डोक्यावर. ज्या सासूबाईंच्या हातानं मूल शांत होतं त्या नंतर गल्लीत दुसऱ्यांना सांगायला लागतात की आमच्या नातवाला हलका हात चालत नाही. आणि त्यांना निवांत असताना एक विचारा, आपल्या घरात लहानपणी असं कोण होतं का. बऱ्याच घरांत निघतं, एखादा काका जो लोकरीचं काही घालत नव्हता, एखादी आत्या जिला निपाणीच्या वखारीतल्या तंबाखूच्या वासानं उलटी व्हायची. घरातलंच माणूस आठवलं की हे काहीतरी बाहेरून आलेलं खूळ आहे ही भावना कमी होते.

नणंदेला मोबाईलवरून वाद घालू नका, मोबाईल कमी करणं चांगलंच आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 ला पाच वर्षांच्या आतल्या मुलांना दिवसात तासापेक्षा जास्त स्क्रीन नको म्हणून सांगितलंय. पण तुम्हीच लिहिलंय की हा चार महिन्यांचा असताना पण स्वेटर घातला की निळा होईपर्यंत रडायचा, तेव्हा कुठला मोबाईल होता? एवढं शांतपणे सांगा आणि तिला काम द्या: तिच्या मुलांनी याला मागून येऊन धरायचं नाही, समोरून यायचं, हात पुढं करायचा, त्यानं टाळी दिली तर दिली. काही जण घरात मराठी, शाळेत कन्नड आणि इंग्लिश म्हणून गोंधळलाय असं पण म्हणतील, आपल्याकडं हे फार ऐकू येतं. जास्त भाषांनी असा त्रास होत नाही, त्यासाठी घरातली मराठी बंद करू नका.

मैत्रिणीचं थोडक्यात. सगळीच मुलं अशी असतात हे ती तुम्हाला धीर द्यायला म्हणते. तिला म्हणा, असतात गं, पण याच्यामुळं आम्हाला लग्नाला जाता येत नाही, रात्री झोप नाही, फरक तिथं आहे. हा खरंच आमचा पण निकष आहे, खाणं, झोप, शाळा, बाहेर जाणं यात अडथळा येतो का ते आम्ही बघतो, नुसतं आवडनिवड म्हणून बघत नाही. जी तरी ऐकणार नाही तिच्यासाठी जीव जाळू नका, प्रत्येकाला पटलंच पाहिजे असं नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सारखी सांगा आणि तिथं मऊ राहू नका. मुलाच्या देखत नाटकी, लाडोबा, बायल्या असलं काही म्हणायचं नाही, आणि सवय व्हावी म्हणून मुद्दाम कानाजवळ मिक्सर नाहीतर फटाका लावायचा नाही. असं केल्यानं सवय होत नाही, भीती वाढते आणि मुलाचा त्या माणसावरचा विश्वास जातो. सवय लावायची असते, पण ती लांबून, थोडी थोडी, त्याच्या हातात थांबवायची सोय ठेवून.

गणपतीचं आता. आपल्याकडं मूर्ती घरी येताना फटाके, मग छोट्या खोलीत वीस माणसं, झांजा, धूप, नवीन कपडे, सगळं एकाच वेळी. नवीन कपडे आत्ताच आणा, दोनतीनदा धुवा, लेबल काढून टाका, नाहीतर आतून जुना मऊ बनियन घाला. फटाक्यांच्या वेळी त्याला घेऊन कुणीतरी मागच्या खोलीत बसायचं, ते कोण हे आधीच ठरवा. आरतीला त्याला झांज किंवा घंटा त्याच्या हातात द्या, वर गुदगुल्यांचं सांगितलं तेच कारण, स्वतः वाजवलेलं चालतं. नाही चाललं तर दारात उभा राहू दे, दारातून केलेला नमस्कार पण नमस्कारच आहे, आणि हे वाक्य सासूबाईंच्या तोंडून आलं तर पाहुणे गप्प बसतात. घरात एक कोपरा त्याचा, जिथं कुणी मागं जायचं नाही, जाड गोधडी, त्याची एकदोन खेळणी. मंडळांचे देखावे दुपारी दाखवा, गर्दी नसते. विसर्जनाची मिरवणूक आपल्या बेळगावात दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, डॉल्बी 100 डेसिबलच्या वर सहज जातो आणि तो कुठल्याच लहान मुलाच्या कानाला बरा नाही, कपिलेश्वर तलावावर जायचंच असेल तर घरच्या गणपतीबरोबर लवकर जाऊन या. कानावर घालायचे इअरमफ मिळतात, कापसाच्या बोळ्यानं फारसं काही होत नाही. पण मफ फक्त अशा वेळी, दिवसभर घालून ठेवले तर साधे आवाज पण जास्त लागायला लागतात.

जेवायचं पाहुण्यांसमोर अजिबात ताणू नका. भात वेगळा, आमटी वाटीत वेगळी, कालवायची नाही, त्याला चालणारं एक ताटात असू दे आणि नवीन पदार्थ नुसता शेजारी, खाल्लाच पाहिजे असं नाही. मात्र वजन कमी होत असेल, आधी खायचा ते पण एकेक सोडत चालला असेल, घास अडकत असेल तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.

डॉक्टरांचा विषय निघालाय तर हे पण. कान झाकतो म्हणजे कान चांगले आहेत असं नाही, ऐकण्याची तपासणी आणि कानात मळ, इन्फेक्शन आहे का ते झालं नसेल तर आधी करून घ्या. ऑटिझम, एडीएचडीसाठी पण एकदा नीट तपासून घ्या, फक्त सेन्सरी म्हणून थांबू नका. सरकारी सोय पण आहे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी चालतो आणि त्यात जिल्हा पातळीवर डीईआयसी म्हणून मुलांची लवकर तपासणी आणि उपचार करणारं केंद्र असतं, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. बोलणं मागं पडतंय, हाकेला बघत नाही, येत होतं ते विसरत चाललाय, यातलं काही असेल तर घरच्यांना पटायची वाट बघू नका, गणपतीची पण नको.

शाळेत लांबलचक रिपोर्ट देऊ नका, टीचर वाचत नाहीत. पाच ओळी लिहा, टीचर कन्नड असतील तर शेजारच्या कुणाकडून सोप्या कन्नडमध्ये लिहून घ्या: घंटेजवळ बसवू नका, रांगेत पहिला नाहीतर शेवटचा उभा करा म्हणजे दोन्हीकडून धक्का लागणार नाही, अस्वस्थ झाला तर वह्यांचा गठ्ठा उचलून दुसऱ्या वर्गात नेऊन द्यायला सांगा. मार किंवा मानसिक छळ होत असेल तर शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नं शाळेत असल्या गोष्टींना बंदी आहे, हे लक्षात असू दे, पण सुरुवात त्यानं करू नका.

केस कापायचं राहिलं. गणपतीच्या आदल्या दिवशी अजिबात नेऊ नका, दुकानात गर्दी असते आणि दुसऱ्या दिवशीचं ओझं आहेच. आठदहा दिवस आधी, सकाळी किंवा दुपारी दुकान रिकामं असेल तेव्हा विचारून जा. मशीन नको, कात्री. मान मागं टाकायची नाही, बापाच्या मांडीवर बसवून बापानं खांद्यांना दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, म्हणजे दाबून ठेवायचं नाही, आधार द्यायचा. त्याचाच जुना टॉवेल, मानेभोवती पावडर ब्रशनं नाही तर हातानं. अर्धेच कापून झाले आणि त्यानं बास म्हटलं तर थांबा, बाकीचे दोन दिवसांनी कापा, दुकानदाराला दोन्ही वेळचे पैसे द्या. मागून थोडे वरखाली दिसतील. पाहुण्यांत कुणी विचारलंच तर ते उत्तर नवऱ्याला द्यायला सांगा.